भट्टीतले राहिलेले सहा तास

सरिता नाईकवडी आमच्या शेडच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा अकरा वाजले होते. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. उजव्या पोटरीला पट्टी बांधलेली, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली हातभर लांब वस्तू. आजऱ्याहून एसटीनं आली होती. मी तांब्याभांडं पुढं केलं. तिनं पाणी घेतलं नाही, बसलीही नाही.

"शैलजा डाके म्हंजे तुम्हीच न्हवं?"

"हो, मीच. बस ना आधी. पाय दुखत असेल."

"दुखतोय की. त्यासाठीच आलोय." तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "ही सही तुमचीच हाय का, तेवढं सांगा."

सही माझीच होती. शेवटच्या अक्षराखाली मी एक लांब रेघ ओढते, वडिलांसारखी. पण रेघेच्या वरचा मजकूर मी पहिल्यांदाच वाचत होते. 'सायलेन्सरच्या कार्बन आवरणावर कुंकू व तेलाचा लेप आढळला. ग्राहकाने काळजीपत्रातील सूचना न पाळल्याने आवरण निकामी झाले. उत्पादनात दोष नाही.' आणि खाली, तपासणी करणार, सौ. शैलजा सुधाकर डाके.

"फोटो मागवलं व्हतं नुस्तं," सरिता म्हणाली. "नळी कुणी हातात घेऊन बघितलीच न्हाई. मग तुम्ही तपासलं कसं ओ, बाई?"

मी तो फोटोही पाहिला नव्हता.

सरिता वाड्यावस्त्यांवरून रक्ताचे नमुने गोळा करून तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोचवते. रोजचे नव्वद-शंभर किलोमीटर, सगळा चढउतार. पौषात एका उतारावर तिच्या गाडीच्या सायलेन्सरचं आवरण उकललं आणि आतली तापलेली वाफ थेट पोटरीवर आली. तशा पायानं तिनं गाडी कडेला घेतली, नमुन्यांची पेटी मागून येणाऱ्या जीपवाल्याच्या हातात दिली आणि मग ती खाली बसली. हे सगळं तिनं बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं. पुढचं सांगताना मात्र तिचा आवाज खाली आला.

"कुंकू लावलं व्हतं मी. खोटं न्हाई बोलत. दसऱ्याला, एक बोट. अगोदर काळजीपत्र वाचलं व्हतं, तरी लावलं. गाडी पोटाला घालती, तिला नको का काय? आई आता रोज म्हणती, तुझ्याच हातानं भाजून घेतलंस. त्यानंच फुटलं का ओ?"

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेट्रोलच्या मोटारसायकली रस्त्यावरून जाऊन आता सहा-सात वर्षं झाली. हायड्रोजनवरच्या गाड्या जो धूर सोडतात तो बहुतेक वाफच असतो, पण चांगली तापलेली. साधं लोखंड त्या वाफेत गंजून जातं. म्हणून सायलेन्सरची आतली जाळी टायटॅनियमची करतात, तिच्याभोवती काचलोकरीचा जाड थर देतात आणि सर्वांत वर कार्बनधाग्याचं आवरण बसवतात. ते आवरण, म्हणजे आमच्या भाषेत नळी, आम्ही सायलेन्सरच्या कंपनीसाठी करतो. इचलकरंजीतले माग एकेक करून थंडावले तेव्हा ह्यांनी एक गोल वीणयंत्र आणलं. धागा गुंडाळलेल्या एकशे चव्वेचाळीस कांड्या साच्याभोवती एकमेकींना ओलांडत फिरतात आणि वेणी घालावी तशी काळी नळी विणून निघते. मग तिच्यात राळ मुरवायची आणि एकशे ऐंशी अंशांच्या भट्टीत आठ तास ठेवायची.

आठ तास का, तर धागा सहसा हरत नाही, हरते ती राळ. पुरती भाजली तर ती दोनशे अंशांपर्यंत दगडासारखी राहते. अर्धी भाजली तरी वरून तशीच दिसते, तशीच चमकते. पण आतून कच्ची असते. वाफ हळूहळू तिच्यात शिरते आणि एक दिवस सव्वाशे अंशांनाच ती मऊ पडते.

शिवाय आमची राळ साधी नाही. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या कालवलेल्या असतात. बारीक तडा गेला की तिथली कुपी फुटते आणि आतला द्रव तडा भरून काढतो. पंधरा वर्षांची नळी म्हणून कंपनी ती विकते ते याच्या जोरावर. फक्त एका कुपीत एकदाच पुरेल एवढा द्रव असतो. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर भरायला काही उरलेलं नसतं.

काळजीपत्र मी लिहिलेलं. प्रत्येक नळीबरोबर जातं. गाडी थांबवल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मगच पाणी घाला. साबण साधा, कापड मऊ. राख, लिंबू, तारेची घासणी नको. रोज उन्हात उभी करू नका, वरचा थर पिवळा पडून भुगा होतो. दर बारा हजार किलोमीटरला काचलोकर बदला. ती जळून गेली की सगळी धग नळीवर येते. नळी गाडीला धरणारा पट्टा सैल झाला का ते महिन्यातून एकदा बोटानं चाचपा, सैल पट्टा थरथरतो आणि धागा कापतो. आणि शेवटी, दसऱ्याला हळदकुंकू हँडलला लावा, नळीला नको, डाग भाजून बसतो. डाग एवढंच मी लिहिलं होतं. नळी फुटते असं नव्हतं लिहिलं.

मी चादर सोडली. नळी लांबीच्या मधोमध उकलली होती, शिवण उसवावी तशी. वडिलांचं जुनं तांब्याचं नाणं माझ्या टेबलावर असतं. त्यानं मी बोटभर अंतरावर टिचक्या मारत गेले. चांगल्या नळीचा आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील तिथं तो बद्द होतो. या नळीत कुठंच खणखणीत आवाज नव्हता. फुटलेल्या जागेपासून पार दुसऱ्या टोकापर्यंत, जिथं कुंकवाचा डाग होता तिथं आणि जिथं नव्हता तिथंही, सगळी सारखीच बद्द.

मग मी नळी धागावाचकावर ठेवली.

हे यंत्र येऊन तीन महिने झाले होते. कार्बनच्या धाग्यातून वीज वाहते. नळी तापते, निवते, ताण सोसते, तेव्हा दर वेळी काही केसाएवढे तंतू तुटतात किंवा सरकतात आणि विजेची वाट किंचित बदलते. यंत्र दोन्ही टोकांना तांब्याच्या चिमट्या लावून शेकडो वाटांनी वीज पाठवतं आणि त्या बदलांवरून मागचा सगळा इतिहास ओळीनं मांडतं. झाडाच्या बुंध्यातली वर्तुळं वाचावीत तसं. राळ तडा भरते आणि वरून काही दिसत नाही, पण तुटलेला तंतू पुन्हा जुळत नाही. तिथली नोंद राहते.

कंपनीनं हे यंत्र आम्हाला दिलं ते गिऱ्हाइकांच्या चुका पकडायला. त्यामुळं पडद्यावरची पट्टी विक्रीच्या तारखेपासून सुरू होते. मी ती वाचली. सरितानं एकदाही तापल्या नळीवर पाणी घातलं नव्हतं. अकरा हजार आठशे किलोमीटरला काचलोकर बदललेली. पट्टा कधी सैल नाही. दसऱ्याच्या दिवशी तर रेघ सरळ होती, गाडी दिवसभर उभीच होती. एका बोटाच्या कुंकवानं धाग्यावर काहीसुद्धा उमटलं नव्हतं.

तिथं मी थांबले असते. पण जपमाळ मी कधी मधूनच धरत नाही, मेरुमण्यापासून धरते. हाताला तीच सवय आहे. मी पट्टी मागं ओढली. विक्रीच्या मागं, वाहतुकीच्या मागं, पार नळीच्या जन्मापर्यंत. राळ घट्ट होताना धाग्यांना आवळते, ती पहिली खूण. रेघ एकशे ऐंशीला चढलेली दिसली. सपाट चालली. आणि आठ तासांऐवजी दोन तासांनी कड्यावरून पडावी तशी खाली आली.

मी डोळे मिटून पुन्हा उघडले. दोनच.

"काय दिसतंय ओ?" सरितानं विचारलं.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तीन शब्दांचं उत्तर होतं. पण भट्टी आमचे हे स्वतः बघतात, तिची नोंदही हेच ठेवतात. नवी नळी कच्ची असली तरी खणखणीतच वाजते, त्यामुळं माझ्या नाण्याला ते कळणं शक्य नव्हतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "नळी इथं ठेवून जा. उद्या सकाळी आठला फोन करते."

"उद्या म्हंजे उद्याच न्हवं?"

"उद्याच."

"आणि ते कुंकवाचं?"

"उद्या सांगते."

ती लंगडत फाटकातून बाहेर पडली. तिला काय वाटलं असेल ते मला तिच्या पाठीवरूनही कळत होतं.

दुपारी हे जेवायला आले. मी भाकरी वाढली.

"शेडवर कोण आली होती म्हणे?"

"आजऱ्याची सरिता नाईकवडी. पाय भाजलेली."

ह्यांनी भाकरी मोडली. "एवढ्या लांब कशाला आली? पत्र तर गेलं होतं."

"पत्र घेऊनच आली होती. अहो, मी तिची नळी वाचली. भट्टीत दोनच तास होती."

हे हसले. चिडतील असं वाटलं होतं मला. "पट्टी मागं नेलीस होय? तारखेच्या मागं जायचं नसतं, शैला. त्यासाठी नाही दिलेलं ते."

"अशा नळ्या किती?"

"अशा म्हणजे?"

"दोन तासांच्या."

त्यांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले, तांब्या सावकाश खाली ठेवला. "एकोणिसावी खेप. तीनशे बारा. भट्टीचा हीटर गेला होता, निम्म्या भट्टीत काम चाललेलं, आणि कंपनीला गणपतीच्या आत माल हवा. मग दिवसाला सहा-सहा घाणे काढले. तू तेव्हा बहिणीकडं कऱ्हाडला होतीस चार दिवस."

"आणि आल्यावर मला सांगितलं नाहीत."

"सांगून काय झालं असतं? राळ आपली आपण भरून काढते की. सहा महिने कुणाला कळलं का?"

"एका जागी एकदाच भरते. तुम्हीच शिकवलंत मला."

"अगं, लोक काय कमी हाल करतात का गाड्यांचे? कुणी गार पाणी मारतं, कुणी तेल चोळतं. हिनं कुंकू फासलं. फोटोत दिसलं, लिहिलं."

"लिहिलं तुम्ही. सही माझी."

"मग? मी हात धरून करवली का?" आवाज अगदी शांत होता. "कागद तुझ्यापुढं होता. वाचायचास. विचारायचंस."

"मौनात?"

"मौन तू धरलंस, शैला. मी सांगितलं नव्हतं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच ओटा पुसत राहिले.

अकरा वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयाची झडप बदलली. शस्त्रक्रिया सात तास चालली होती. बाहेरच्या बाकावर बसून मी चौंडेश्वरीला बोलले होते, हे घरी आले तर रोज उठल्यापासून आठ वाजेपर्यंत तुझ्या नावाखेरीज एक शब्द तोंडातून काढणार नाही. आजवर एकही दिवस चुकवला नाही. ताप असो, पाहुणे असोत, प्रवास असो. आणि रोज साडेसातला हे देवघराच्या उंबऱ्याशी कागद आणून ठेवत. पुसटशी खूण केलेली असे, सही कुठं करायची त्याची. वर पेन, टोपण काढून ठेवलेलं. भजनी मंडळात मी कौतुकानं सांगायची, मला हाक मारावी लागू नये म्हणून हे पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवतात हो. बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस.

कामाच्या वेळी, दहा वाजता, चार वाजता, मी शेडमध्येच असायची. तिथं ह्यांनी मला कधी एक कागद दिला नाही. हे अकरा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्या माणसाच्या श्वासासाठी मी गप्प बसायची तो माझ्या गप्प बसण्याची वेळ धरून येत होता.

हात धुवून हे दारात आले. "उद्या एक कागद आहे. आणखी चार तक्रारी आल्यात, म्हणून कंपनीनं त्या खेपेचं प्रमाणपत्र पुन्हा मागितलंय. तुझी सही दिसली की ते पुढं बघत नाहीत. शैलाबाईंनी तपासलंय म्हणतात, झालं. एक सही, मग विषय संपला. अठरा माणसं आहेत शेडवर, त्यांचाही विचार कर."

"आणि तीनशे बारा गाड्यांवर बसलेली?"

"सगळ्या थोड्याच फुटणार आहेत," हे म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

संध्याकाळी दिवा लावला. हात जोडले. भिंतीवर दूधवाल्याच्या चिठ्ठ्यांचा खिळा आहे. मौनाच्या वेळेत तो येतो, म्हणून मी लिहून ठेवते. उद्या अर्धा लिटर जास्त. परवा नको. सायीचं दूध पातळ होतं, का? अशा कितीतरी चिठ्ठ्या तिथं टोचलेल्या होत्या. मी एकेक काढून वाचली.

दूध पातळ का, हे मी लिहून विचारलं होतं. म्हणजे मौनात विचारता येत होतं. लिहायला देवीनं कधी मना केलं नव्हतं. कागदावर दोन अक्षरं खरडली असती, किती तास? तर कदाचित सरिताचा पाय वाचला असता. ह्यांनी मला फसवलं हे खरं. पण फसवायला त्यांना जी मोकळी जागा लागली ती मीच रोज सारवून ठेवत होते, आणि वर त्याला व्रत म्हणत होते. मी चिठ्ठ्या पुन्हा खिळ्याला लावल्या.

सकाळी अंघोळ, पूजा झाली. माळ हातात घेतली. साडेसातला ह्यांची पावलं वाजली. कागद उंबऱ्याशी आला. वर पेन, टोपण काढलेलं. रोज हे ठेवून लगेच वळतात. आज जरा घुटमळले, मग शेडकडं गेले.

माळ पाटावर ठेवून मी कागद घेतला. सगळा वाचला, वरच्या तारखेपासून. 'खेप क्रमांक एकोणीस. नळ्या तीनशे बारा. भट्टीतील वेळ आठ तास. सर्व नळ्या तपासल्या असून वापरास योग्य.' आठ या शब्दावर मी एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, दोन. वापरास योग्य खोडून लिहिलं, कच्च्या. एकही चालवू नये, सर्व परत बोलवाव्यात. खाली लिहिलं, सरिता नाईकवडी यांच्याबद्दलच्या आधीच्या अहवालावर मी नळी न पाहता, न वाचता सही केली होती. तो खोटा आहे. त्यांनी काळजी पूर्ण घेतली होती. धागावाचकाची पहिल्यापासूनची पट्टी सोबत जोडली आहे. मग सही केली. रेघ नेहमीपेक्षा जरा वाकडी आली.

फोननं कागदाचा फोटो काढला, यंत्रावरून कालच उतरवून घेतलेली पट्टी जोडली आणि दोन्ही कंपनीच्या तपासणी विभागाला पाठवलं. तसंच सरितालाही पाठवलं. मग कागद होता तिथं, उंबऱ्याशी ठेवला. पेन त्याच्यावर.

पावणेआठला हे आले. कागद उचलून वळता वळता थांबले.

"हे काय केलंस?"

मी माळ ओढत होते.

"शैला, हा कागद मी फाडू शकतो."

मी फोन उचलून पडदा त्यांच्याकडं केला. गेलेला निरोप त्यांनी वाचला. शेवटपर्यंत वाचला असावा, कारण बराच वेळ लागला. मग भिंतीला हात टेकून हळूच खाली बसले, उंबऱ्याच्या अलीकडं. अकरा वर्षांत त्या जागी हे कधी बसले नव्हते.

"अगं बोल. काहीतरी बोल." त्यांचा हात छातीवर गेला, आणि जुन्या सवयीनं मी अर्धी उठले. पण त्यांना दुखत नव्हतं, नुसता हात गेला होता. "शिव्या दे हवं तर. मी काय करू ते तरी सांग."

या वेळेला, या जागी, मी बोलावं असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. घड्याळात आठला बारा मिनिटं कमी होती. मी मण्यामागून मणी ओढत राहिले. त्यांनी दोनदा माझं नाव घेतलं. मग त्यांनी पेन उचललं, खिशात चाचपून टोपण काढलं आणि त्याला लावलं.

आठ वाजले. मी माळ कपाळाला लावून ठेवली आणि आजऱ्याला फोन लावला. हे उठले नाहीत, तिथंच बसून होते.

"हॅलो, कोण?"

"मी शैलजा डाके, इचलकरंजीहून. सरिता, कुंकवानं काही झालं नाही, बाळ. नळीच कच्ची होती. आमच्याकडं भट्टीतून सहा तास आधी काढली होती. मी न बघता सही केली. तुझी काही चूक नव्हती."

सरिता म्हणाली, "थांबा. आईला देते. तिला तुम्हीच सांगा."

फोन हातातून हातात गेल्याचं ऐकू आलं. एका म्हाताऱ्या आवाजानं विचारलं, "कोण वो बाई?"

ह्यांच्याकडं पाहत मी पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.